चेंडू टेकेपर्यंत

"वहिनी, डोळे उघड! दादा सुटलाय!"

वहिनीने डोळे आणखी घट्ट मिटले. मांडीवरचं सात महिन्यांचं बाळ त्या कल्लोळातही निवांत मूठ चोखत होतं. समोर मैदानात तिचा नवरा चेंडू काखोटीला मारून एकटाच धावत होता. वेळ संपल्याचा भोंगा होऊन गेला होता. संघ चार गुणांनी मागे. चेंडू हातात आहे तोवर खेळ चालू, एवढाच काय तो आधार. रेषेपलीकडे जाऊन तो जमिनीला टेकवला की पाच गुण, आणि सामना खिशात.

धावण्याची तिला काळजी नव्हतीच. सात-सात जणांच्या या चौदा मिनिटांच्या रग्बीत त्याच्या पायांना तोड नव्हती. घोडं पेंड खायचं ते रेषेपलीकडे. तिथे पोचला की त्याच्या अंगातच यायचं. आधी प्रेक्षकांकडे बघून हसायचं, मग घारीसारखी झेप घ्यायची आणि एका हाताने चेंडू आपटायचा. दोनदा तो आपटण्याआधीच निसटला होता. दुसऱ्यांदा तर उपांत्य सामना गेला, वर खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्याचं नाव 'साबण'. सोबत्यांनी ठेवलं, प्रेक्षकांनी उचललं, आणि आता ननंदेच्या फोनमध्येही सख्ख्या भावाचं नाव तेच होतं.

हाड जुळलं, तरी डॉक्टरांनी आणखी तीन महिने मैदान बंद ठेवलं. त्याच सुमारास वहिनी कामावर रुजू झाली. घरात दिवसभर बापलेक दोघंच. या स्पर्धेसाठी तो परतला तेव्हा कोचने पहिलं विचारलं, "घरी हातांचा काही सराव केलास?"

"वेळच मिळाला नाही, सर."

"मग ऐक. या वेळी चेंडू सांडलास, तर पुढच्या हंगामातही घरीच."

हे त्याने घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं. ती हसली नव्हती. तो पायांत बूट नसले की कसा हरवल्यासारखा फिरतो, ते तिने पाहिलं होतं.

"पोचला गं, पोचला!" ननंद किंचाळली. "पण... हा थांबला का?"

वहिनीने डोळे उघडले.

तो रेषेपलीकडे उभा होता. ना हसू, ना झेप. चेंडू दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. मागून एक धिप्पाड गडी झपाट्याने जवळ येत होता. नवऱ्याने गुडघे वाकवले. पाठ ताठ ठेवून तो इंचाइंचाने खाली जाऊ लागला.

"अरे टाक ना, साबण्या! अंडं आहे का ते?" ननंद बाकावर चढून ओरडत होती.

त्याने आधी चेंडूचं एक टोक गवताला लावलं. मग पोट. मग दुसरं टोक. खालचा हात अलगद काढून घेतला, वरचा तसाच राहू दिला. मागचा गडी झेपावला आणि त्याच्या पाठीवरून कोलांटी खात पलीकडे जाऊन पडला. नवऱ्याने मान वळवूनही पाहिलं नाही. चेंडूवरचा तळहात जराही हलला नाही.

वहिनीला एकाएकी हसू फुटलं. ननंद तिच्याकडे बघतच राहिली.

पंच धावत जवळ आले, त्यांनी हात उंचावला आणि कानठळ्या बसतील अशी शिट्टी फुंकली.

तो दचकला. ओठांवर बोट ठेवून, भर मैदानात त्याने पंचांना दटावलं, "हळू! आत्ता कुठे डोळा लागलाय!"