मिठाचा अंदाज

फ्रिजच्या दारावर चार ओळींची यादी चिकटवलेली होती. आजोबा: दूध नाही. बाबा: गहू नाही. दादा: शेंगदाणे नाहीत. छकुली: अंडं नाही. आजोबांनी छकुलीला वाचायला शिकवलं ते याच यादीवरून, त्यामुळे पोरीला 'घर'च्या आधी 'शेंगदाणे' वाचता यायला लागलं.

या चौघांना एकाच पातेल्यातून वाढता येईल आणि चौघेही आवडीने खातील असा एकच पदार्थ आईला सापडला होता, नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाज्या. दर रविवारी तो व्हायचा. चव बघायचा मान आजोबांचा. "आजोबा, मीठ बघता का जरा?" आईने विचारलं की आजोबांची मान ताठ व्हायची. "बघ, माझ्या जिभेशिवाय हिचं पान हलत नाही," असं ते छकुलीला सांगायचे. मग आई सगळ्यांना वाढायची आणि म्हणायची, "तुम्ही करा सुरुवात, मी बसते मागाहून."

आईच्या वाढदिवसाला चौघांनी मिळून तोच पदार्थ केला. दादाने तिला हाताला धरून टेबलाशी आणलं, बाबांनी खुर्ची ओढली. आजोबांनी भरलेला चमचा तिच्यापुढे धरला. "सूनबाई, इतकी वर्षं मी बघितली. आज चव तू बघायची."

आईने चमच्याकडे पाहिलं, चौघांच्या तोंडाकडे पाहिलं. मग ती उठली आणि छकुलीची पेन्सिल घेऊन यादीखाली पाचवी ओळ लिहून आली.

"आई," छकुलीने एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं, "नारळ नाही."