गव्हर्नरांचा भाचा

"पोहता येतं का तुम्हाला?" समितीच्या अध्यक्ष इंदुमती राजाध्यक्ष यांनी चष्मा काढून टेबलावर टाकत विचारलं.

समोरचा कॅप्टन गडबडला. "नाही, मॅडम."

प्रांताच्या पूररक्षक पलटणीचा मेजर गव्हर्नर नेमत, पण विधिमंडळाच्या या समितीने होकार दिल्याशिवाय नेमणूक पक्की होत नसे. समितीने आजवर कधी नकार दिला नव्हता. मागचा मेजर गव्हर्नरांचा व्याही होता. पूर आला तेव्हा तो बंगल्याच्या गच्चीवरून हुकूम सोडत राहिला आणि नदीकाठची माणसं वाहून गेली. आता हा भाचा.

"मेजरला कुठे स्वतः उडी मारायची असते?" शेजारचे आमदार मुळीक जांभई देत म्हणाले. "गव्हर्नरांचा मान राखूया. घ्या मतं."

बाकीच्यांनी लगेच हात वर केले.

"अहो, निदान एखादा प्रश्न तरी विचारा त्याला!" इंदुमतीबाई वैतागून ओरडल्या.

"विचाराच," कॅप्टन अचानक म्हणाला. "मला ही नेमणूक नकोय. मी लष्करी बँडमधला माणूस, क्लॅरिनेट वाजवतो. मामांना किती वेळा सांगितलं, पण ते ऐकूनच घेत नाहीत."

वर गेलेले हात हळूहळू खाली आले.

"मग तसा लेखी नकार द्या," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"देतो. पण..." त्याने मानेवरचा घाम पुसला. "मामांना तेवढं तुम्ही सांगाल का?"

इंदुमतीबाईंनी कपाळावर हात मारला आणि फोन जवळ ओढला. "नंबर सांगा."