खंड्याचा घसा

कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि आई बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. आमचा कुत्रा खंड्या तिचा पदर दातांत धरून ओढत होता. "सोड मेल्या, फाटेल!" ती ओरडली. मी धावत जाऊन गॅस बंद केला. वरण करपलं होतं.

या कुत्र्याचं मला काही कळेनासं झालं होतं. माझ्यापुढे भुंकून घर डोक्यावर घ्यायचा, आईपुढे मात्र तोंड उघडत नसे. दारावर कुणी आलं की तिच्या गुडघ्याला पंजा लावायचा आणि दाराकडे बघत राहायचा.

"घसा बसलाय बिचाऱ्याचा," आई म्हणायची आणि त्याला हळद-मध चाटवायची.

"अगं, सकाळीच तर केवढा भुंकला माझ्यावर!"

"कधी? मी इथेच तर होते."

आता डोकं कुणाचं फिरलंय, त्याचं, तिचं की माझं? वैतागून मी दोघांना घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी खंड्याचा घसा तपासला. "ठणठणीत आहे," म्हणाले, आणि आमच्या मागच्या बेसिनवर हात धुता धुता त्यांनी विचारलं, "आजी, खातो का नीट?"

आई खंड्याला कुरवाळत राहिली. डॉक्टरांनी पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं. मी तिच्या तोंडाकडे बघू लागलो.

खंड्याने तिच्या गुडघ्याला पंजा लावला आणि तो डॉक्टरांकडे बघत राहिला.

आई लगबगीने मागे वळली. "मला काही म्हणालात का?"