पालथं भांडं

न्सोनाने माशाच्या कालवणाचं भांडं पुरुषांच्या पंगतीत आणून ठेवलं आणि तिच्या नवऱ्याच्या, लुएंबाच्या, तोंडचं पाणीच पळालं. भांड्यावर रोजचं केळीचं पान नव्हतं. कोरीव लाकडी झाकण होतं.

असं झाकण आलं की बायकोची तक्रार आली. प्रत्येक झाकणावर चित्रांतून एक म्हण कोरलेली. नवऱ्याने चारचौघांत तिचा अर्थ लावायचा, चूक कबूल करायची आणि मगच घास घ्यायचा. अर्थ चुकला तर धडगत नाही. शेजारच्या झाऊने गेल्या महिन्यात झाकण हसण्यावारी नेलं. त्याची बायको माहेरी गेली ती गेलीच. लुएंबाच्या लग्नाला तर जेमतेम वर्ष झालं होतं.

"छपराचं असेल," तो घाईघाईने म्हणाला. "उद्याच शाकारतो! आणि सासूबाईंच्या चालण्याला हसलो, तेही चुकलंच माझं."

"अरे थांब, सगळंच ओकशील!" मावुंगूकाका म्हणाले.

झाकणं वाचण्यात काकांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. कुठली म्हण कुणाच्या पणजीच्या भांडणातून निघाली, हे त्यांना तोंडपाठ. त्यामुळे ज्या घरी झाकण, त्या घरी काका. झाकण नसलं तरी जेवणाच्या वेळेला काका असायचेच, कुठे ना कुठे.

त्यांनी झाकण उजेडात धरलं. विझलेली चूल, शेजारी पालथं भांडं, आणि दारात बसून वाटेकडे बघणारी बाई.

"फार जुनी म्हण. माझ्या आजोबांच्या काळात एक कोळी होता. होडी लागेल त्या किनाऱ्यावर जेवायचा. बायकोने शेवटी भांडंच पालथं घातलं. अर्थ सरळ आहे. ही बाई रोज रांधते आणि नवरा बाहेर जेवून येतो. लाज वाटायला हवी, लुएंबा!"

"पण काका, मी दोन्ही वेळा घरीच जेवतो. कालही तुमच्या शेजारी बसूनच जेवलो की!"

पंगतीतल्या सगळ्यांच्या माना काकांकडे वळल्या.

"झाकण माझं नाहीच," कुडाआडून न्सोना म्हणाली. "बुआंगाकाकूंचं आहे. पावसाळ्यापासून करवून ठेवलंय त्यांनी. पण काका, तुम्ही घरी जेवतच नाही, तर त्यांनी ते ठेवायचं कुठल्या भांड्यावर?" मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. "आणि छपराचं तेवढं विसरू नका."

लुएंबाचा जीव भांड्यात पडला. काकांनी कालवणाकडे एकदा पाहिलं, झाकण काखोटीला मारलं आणि ते उठले. आयुष्यात पहिल्यांदाच ते भरल्या पंगतीतून उपाशी निघाले होते.

चार घरं ओलांडून ते आपल्या दाराशी आले. चुलीपाशी दोन ताटल्या मांडलेल्या होत्या. बुआंगाकाकू उघड्या भांड्यावरच्या माशा हाकत बसल्या होत्या.

"आणलंत झाकण?" त्या म्हणाल्या. "बसा आता."