अट इन्कम टॅक्सची

"भाऊनू, माका इन्कम टॅक्स भरूचो आसा," सहदेव परब म्हणाला. "कसो भरूचो, ता सांगा."

भाऊ खानोलकरांच्या हातातली बशी ओठांपाशीच थांबली. आयकर खात्यातून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि मुलुंडच्या आपल्या गॅलरीत दर रविवारी सकाळी लोकांच्या शंका फुकटात सोडवत. सत्तावन सालच्या बजेटाने कराची मर्यादा खाली आणली आणि तेव्हापासून माणसं पार जिन्यापर्यंत बसू लागली. विम्याच्या हप्त्यावर सूट मिळते का? गावच्या आंब्यांचे पैसे धरतात का? प्रश्न वेगळे, पण सगळ्यांचं गाणं एकच, यातून सुटायचं कसं. आत शिरायचं कसं, हे विचारणारा हा पहिलाच माणूस.

"पगार किती तुमचा?"

सहदेव भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. पगार सांगताना त्याचा आवाज खाली गेला.

"मग तुम्हांला कर बसतच नाही," भाऊ म्हणाले. "सुखी आहात. घरी जा आणि पेढे वाटा."

"पेढे कसले? चेडवाच्या लग्नाचो प्रश्न आसा."

मग त्याने सगळं सांगितलं. चेंबूरच्या धाकू राण्यांचा मुलगा नंदकुमार शिकलेला होता, निर्व्यसनी होता. पत्रिका जुळली होती. हुंड्याचं नावही कुणी काढलं नव्हतं. मध्यस्थ फक्त एक अट सांगून गेला होता, सोयरीक इन्कम टॅक्स भरणाऱ्याशीच व्हायला हवी. मुलीच्या बापाने अट ऐकायची असते, उलट प्रश्न विचारायचे नसतात. सहदेवने मान डोलावली आणि त्या रात्री तो जेवला नाही.

भाऊंना खरं तर हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. उभी नोकरी त्यांनी कर चुकवायला आईच्या शपथा घेणारी माणसं पाहिली होती. हा मुलीसाठी कर मागायला आला होता. त्यांना या साध्या माणसाबद्दल एकदम फार आदर वाटला.

"खोटं उत्पन्न दाखवता येणार नाही," ते म्हणाले. "घरात आणखी कोण कमावतं?"

"कोण नाय. मीच." सहदेव जरा थांबला. "चेडू, वनमाला, मशीन चालवता, शाळेचे युनिफॉर्म शिवता. पण ती घरचीच कमाई. ती माझ्यात धरली तर लिमिट भरात की ओ!"

भाऊंनी चपला घातल्या. गॅलरीतल्या लोकांना म्हणाले, "आज दुकान बंद."

परबांच्या दोन खोल्यांपैकी बाहेरची खोली निळ्या कापडाने भरून गेली होती. कामाला ठेवलेल्या दोन पोरी मशीनवर बसल्या होत्या आणि मधोमध खडू घेऊन वनमाला कापड बेतत होती. भाऊंनी विचारायच्या आत तिने कापडाची, दोऱ्याची, शाळांची बिलं त्यांच्यासमोर आणून ठेवली. भाऊंनी बेरीज केली, चष्मा पुसला आणि पुन्हा केली.

"परब, हिची कमाई तुमच्यात धरता येणार नाही. बाप असलात तरी नाही. कायद्याने हिचं ते हिचं."

सहदेव मटकन खाली बसला. "म्हणजे वाट लागली."

"अहो, पुरतं ऐका तर! तुम्हांला कर बसत नाही. हिला बसतो."

दोन्ही मशीनं थांबली. सहदेव आपल्या मुलीकडे बघतच राहिला. गावच्या देवीपुढे उभा असताना तो असाच बघत असे.

"सरकार हिच्या नावान कागद धाडतला? माझ्या वनमालाच्या?"

"धाडणार. कुमारी वनमाला सहदेव परब."

वनमालाला मात्र फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिने शांतपणे विचारलं, "आणि लग्नानंतर हो, काका? तेव्हाही माझं ते माझंच ना?"

"तुझ्या हातच्या कामाचं तुझंच. नवऱ्याचं नाही."

"मग ठीक," ती म्हणाली आणि तिने कात्री उचलली.

संध्याकाळपर्यंत बातमी चाळभर झाली. बायका येऊन मशीनला हात लावून गेल्या. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या काकूंनी वनमालाची मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. आपल्या चाळीतली पोर दिल्लीच्या सरकारला पैसे देणार, या विचाराने पुरुषमंडळींचा आवाजही तिच्यापुढे खाली आला. घरी परतताना भाऊंनाच भरून आलं. कायद्याची ती पानं त्यांनी नोकरीत किती वेळा चाळली होती, पण त्यांतून एखाद्या मुलीचं माप एवढं मोठं दिसेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी गॅलरीत एक नवा गृहस्थ टोपी हातात धरून अवघडून बसला होता. पाळी आली तेव्हा त्याने नाव सांगितलं, धाकू राणे, चेंबूर.

भाऊ खुर्चीतून उठलेच. "या, या! तुम्हांला निरोप धाडणारच होतो. तुमची अट पुरी झाली बघा. बाप राहू द्या, मुलगी स्वतः टॅक्स भरते! बोला, आता मुहूर्त कधीचा धरता?"

राण्यांचा चेहरा पार उतरला.

"मुहूर्त कसो धरतलंव, भाऊनू? आमचो नंदू शाळेत शिकवता, सांजेक शिकवण्यो घेता, तरी अजून लिमिटापर्यंत पोचाक नाय."

"त्याने कशाला पोचायला हवं? मुलगी भरते म्हटलं ना. तुमची अट तेवढीच होती."

राण्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"ती अट आमची न्हय, भाऊनू. मध्यस्थान दोनय घरांत सांगितल्यान, पण घातलेली वनमालान."