बांधणाऱ्याचं नाव

सकाळी पाठवलेलं पॅकेज सगळीकडे पोचल्याचं पडद्यावर दिसलं तशी मुलगी बाबांच्या खुर्चीत मागे रेलली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडली, "आई, सुटलं गं एकदाचं!"

"मग आता जेवायला ये," आतून आवाज आला. "सकाळपासून मटार सोलून थांबलेय मी."

काम मूळचं बाबांचं. न्यूज सर्व्हर, म्हणजे लोकांनी गटागटांत लिहिलेले संदेश एका यंत्रावरून दुसऱ्यावर पोचवणारा जुना खटारा. जगाने तो कधीच अडगळीत टाकला होता. तो कुणालाही आपल्या मशीनवर एका आज्ञेत बसवता यावा, म्हणून त्याचं पॅकेज नीट बांधून द्यायचं, एवढंच बाबा वर्षानुवर्षं करत आले. तेही फुकट. हे वापरतं तरी कोण, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "आहेत दोन-चार खुळे. त्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

आजारपणातही त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता. नवी आवृत्ती बसवली की लोकांची जुनी सेटिंग पुसली जात आणि जपून ठेवलेले जुने संदेश रद्दीत निघत. ती दुरुस्ती राहून गेली आणि बाबा गेले. वेळेत दुरुस्ती आली नाही तर पॅकेज सगळ्यांच्या सामायिक संग्रहातून कायमचं वगळलं जाईल, अशी सूचना त्यांच्या मागे येऊन पडली. ती बाबांना उद्देशून होती, कारण त्या जगात कुणाला काही कळवायचं असतं हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मुलीने काम अंगावर घेतलं. बाबांच्याच मशीनवर बसून पुरं केलं, पुन्हा पुन्हा तपासलं आणि सहीवाल्या काकांकडे पाठवलं. काका बाबांचे जुने दोस्त. तिला अजून परस्पर पॅकेज सोडायचा अधिकार नव्हता, त्यांची सही लागायची. घरात त्यांना हेच नाव पडलं होतं.

ती जेवून परत आली तेव्हा एक मेल येऊन पडला होता. दूरच्या कुठल्याशा गावातल्या एका निवृत्त मास्तरांचा. "दुरुस्ती बसवली. जुने संदेश सगळे जागच्या जागी आहेत. कित्येक महिने तुमची खबर नव्हती, मनात नको नको ते येऊन गेलं. आज तुमचं नाव बघितलं आणि जिवात जीव आला. तब्येतीला जपा."

तिला आधी काही उमगेना. मग तिने पॅकेजमधली बदलांची नोंद उघडली. सगळ्यात वर नवी आवृत्ती, तिने लिहिलेली ओळ, आणि खाली बांधणाऱ्याचं नाव. बाबांचं. पुढे आजची तारीख.

ते तिने लिहिलंच नव्हतं. नोंद तयार करणारी आज्ञा नाव मशीनकडून आपणहून उचलते, आणि मशीन बाबांचं होतं. तपासताना तिची नजर दर वेळी त्या ओळीवरून गेली होती. पण तिथे तेच नाव बघत ती मोठी झालेली, मग खटकणार कसं?

तिने काकांना फोन लावला.

"काका, घोळ झालाय. नाव बाबांचं गेलंय."

"हं."

"हं काय? परत घेता येईल ना?"

"बाहेर पडलेली आवृत्ती परत घेता येत नाही, तुला माहितेय. तिच्यावर नवी चढवायची. तू नाव बदलून पाठव, मी सही करतो. नाहीतर लोक सगळं त्याच्याच पत्त्यावर पाठवत बसतील."

तिने नोंदीतली ती ओळ परत वाचली. मग म्हणाली, "काका, तुम्ही ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही करत नाही."



"वाचली होती," काका म्हणाले. "पण त्याच्या नावावर काट मार, हे तुला सांगायला जीभ रेटेना, पोरी. चूक माझीच."

फोन ठेवून तिने नवी नोंद उघडली. आज्ञेने इमानदारीने पुन्हा बाबांचंच नाव घातलं. ते पुसायचं आणि स्वतःचं लिहायचं, काम मिनिटाचं होतं. पण बाबांना निरोप देताना आला नव्हता एवढा हुंदका तिला आता आला.

आई हात पुसत दाराशी आली. "काय झालं गं?"

मुलीने पडद्याकडे बोट केलं. आईला त्या मशीनमधलं ओ की ठो कळत नसे, पण मेल तिने वाचला. चष्मा वर सारून, जवळ जाऊन, परत एकदा वाचला.

"कळवायला हवं गं त्यांना," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "आधी नाव बदलते. मग लिहिते त्यांना, की बाबा आता..."

आईने तिच्या हातावर हात ठेवला.

"उद्या लिही."

"अगं, पण त्या मास्तरांना वाटतंय की..."

"वाटू दे," आई म्हणाली. "आजच्या दिवस एका घरात तरी ते बरे आहेत."