कडू कसाव्याची भाकरी

लेनक्सने तव्यावरची भाकरी उलटली आणि कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एकट्याने कसाव्याचा कंद किसला, पिळला आणि भाजला होता. सासू ओनोरीन सकाळीच मळ्यात निघून गेली होती, तीही मुद्दाम, सगळं त्याच्यावर सोपवून. रोझो शहरात बस चालवणारा हा जावई बेटावरच्या कालिनागो आदिवासींच्या गावात नांदायला आला त्याला वर्ष होत आलं, पण बाईने त्याला आजवर चुलीपाशी उभं केलं नव्हतं. उगाच नाही. कडू कसाव्याचा रस म्हणजे विष. पिळण्यात कसूर झाली तर भाकरी माणसाला आडवं करते.

छपराला टांगलेल्या, कसावा पिळायच्या वेताने विणलेल्या लांब नळीतून आता थेंबही गळत नव्हता. रसाची बादली त्याने कोंबड्यांची चोच पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवली होती.

ओनोरीन आली. मागून कमरेवर हात ठेवून जेरलीन, त्याची बायको. तिला सातवा महिना होता. सासूने भाकरी उचलली, वास घेतला, टिचकी मारून पाहिली.

"कडा करपल्यात. तुमच्या शहरात चालतं वाटतं असं?"

"गोल तरी आहे ना, आई," जेरलीन म्हणाली.

घरची रीत ठरलेली होती. ज्याने पिळलं त्याने पहिला घास खायचा. बाकीच्यांनी अंमळ थांबायचं, मगच हात लावायचा. इतकी वर्षं तो घास ओनोरीनचाच होता. आता लेनक्सने हात पुढे केला.

"किती वेळा पिळलात, जावईबापू?"

"तीनदा, तुम्ही सांगितलंत तसा." तो घुटमळला. "मग चौथ्यांदा पण पिळला. भीती वाटली, आई. हिला काही झालं असतं तर?"



"माझ्या थोरल्या लेकाला कधी भीती वाटली नाही," ओनोरीन म्हणाली. "म्हणून त्याला मी अजून चुलीकडे फिरकू देत नाही."

तिने भाकरीचा वाफाळता तुकडा मोडला, लेनक्सच्या पुढे केलेल्या हातावरून पलीकडे नेला आणि लेकीच्या हातावर ठेवला.

"खा. दोन जिवांची आहेस, थांबू नकोस."